दहा मिनिटं, एक पुठ्ठा अन् घरातलं कातरण : रोज एक छोटं चित्र असं करता येतं

चंद्रपूर/गडचिरोली : लग्नपत्रिकेचं पाकीट, टेलरच्या दुकानातलं कातरण, बुरडाकडे टोपली विणताना उरलेली बांबूची सालपटं, साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा. एरवी चुलीत नाहीतर उकिरड्यावर जाणाऱ्या या वस्तूंतून रोज एक छोटं चित्र होऊ शकतं. कागद, कापड, काडी असं वेगवेगळं साहित्य एकाच पुठ्ठ्यावर चिकटवून वरून रंग-रेषा काढायच्या, याला मिश्र माध्यमातली कला म्हणतात. खर्च जवळपास शून्य.

नाव नवं, काम जुनं

तान्ह्या पोळ्याला लेकरांच्या लाकडी नंदीला बेगड, रंगीत कागद, मणी लावून सजवतात, ते हेच काम. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडीही त्यातलीच. युरोपात पिकासो या चित्रकाराने १९१२ मध्ये वेताच्या जाळीची छपाई असलेलं मेणकापड चित्रावर चिकटवलं आणि भोवती दोराची चौकट लावली. आपल्याकडे अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब अशा टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवलं. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

कसं करायचं?

१. पोस्टकार्डाएवढा, म्हणजे १४ बाय ९ सेंटिमीटरचा पुठ्ठा कापावा. आकार लहान असला की चित्र एका बैठकीत पूर्ण होतं, म्हणून रोज जमतं.

२. दोन मोठे चमचे मैदा अर्धा कप पाण्यात कालवून मंद आचेवर घट्ट होईस्तोवर हलवावा. झाली खळ. ती थंड झाल्यावर वापरावी.

३. आधी न चिकटवता तुकडे मांडून पाहावेत. मन भरलं की मगच खळ लावावी. आधी कागद, मग कापड, शेवटी काड्या आणि बिया.

४. जड वह्यांखाली रात्रभर दाबून ठेवावं, नाहीतर पुठ्ठा वाकतो. मागे तारीख लिहावी.

रंग घरचेच

पळसाची फुलं उकळली की पिवळा-केशरी रंग मिळतो. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते; मात्र चुना लेकरांच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून हे काम मोठ्यांनीच करावं. सागाचं कोवळं पान चोळलं तर तांबडा डाग उमटतो. मातकट रंगासाठी गेरू अन् काळ्यासाठी दिव्याची काजळी आहेच.

पावसाळ्यात खळीला बुरशी लागते, कसर कागद खाते. म्हणून खळ रोज ताजी करावी आणि चित्रं पूर्ण वाळल्यावरच पेटीत ठेवावीत. कीड लागू नये म्हणून काही जण खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे. घरात लेकरं असतील तर नकोच.

साहित्यासाठी जंगलात जाऊ नये

ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. तेंदू, मोह हा पोटाचा प्रश्न आहे. चित्रासाठी तो धोका पत्करायचं काही कारण नाही. पानं-फुलं अंगणातली, बांधावरची किंवा गावातल्या रस्त्याकडेची घ्यावीत. लेकरांना एकटं पाठवू नये.

दुसरं, चितळाचं गळून पडलेलं शिंग कितीही सुंदर दिसलं तरी घरी आणू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते सरकारी मालमत्ता ठरतं आणि बाळगणं गुन्हा आहे. हाडं, नखं, दात यांचंही तेच. दिसलं तर वनरक्षकाला कळवावं.

बांबूकामात पुढे शिकायचं असेल, तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बाकी घरच्या कामाला कोणाच्या परवानगीची गरज नाही. संध्याकाळी दहा मिनिटं मोबाईल बाजूला ठेवून आजी अन् नातवंडं एका पुठ्ठ्याभोवती बसली, तरी महिन्याकाठी तीस चित्रं होतात. भिंतीवर सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी ती टांगली, की घरातल्या महिन्याचा हिशोबच समोर दिसतो : कोणाच्या लग्नाची पत्रिका आली, कोणाचा झगा शिवला, कोणत्या दिवशी पळस फुलला.