परदेशी निघताना लॅपटॉप कुठला घ्यावा? आधी वजन, वॉरंटी आणि वायर बघा

आपल्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे निसटून जातात, आणि खरेदीला जाताना हाताशी काहीतरी लागतंच. म्हणून थोडं नीटनेटकं करून इथे टाकतोय.

विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, आपलं नगर (अहिल्यानगर म्हणायची सवय जिभेला अजून लागतेय), सगळीकडून एकच प्रश्न : "दादा, ऑक्टोबरमध्ये जर्मनीला चाललोय, मास्टर्सला. बजेट ठरलंय. लॅपटॉप कुठला घेऊ?"

मॉडेलचं नाव मी सांगणार नाही. आज सांगितलेलं मॉडेल सहा महिन्यांनी दुकानात नसतं. पण कुठलंही मॉडेल समोर आलं तरी त्याला कोणते प्रश्न विचारायचे, ते सांगतो.

आधी माझी फजिती

मी गेलो तेव्हा मोठ्या स्क्रीनचा, जाडजूड, गेमिंगवाला लॅपटॉप घेतला होता. "एकदाच घेतोय तर दणकट घेऊ," हा घरचा हिशोब. नोव्हेंबरमध्ये चार्जर गेला. त्याची पिन गोल, त्याच कंपनीची. सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर उत्तर आलं की ही वॉरंटी फक्त भारतात चालते. नवा चार्जर मागवला, तो यायला नऊ दिवस लागले. असाइनमेंटची तारीख मधेच होती. ती लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर बसून लिहिली. तिथल्या कीबोर्डवर वाय आणि झेड यांची जागा उलटी असते. माझं स्वतःचं आडनावही मी दोनदा चुकीचं टाइप केलं!

लॅपटॉप वाईट नव्हता. इथे बसून वापरायला उत्तम होता. मी तो नगरच्या टेबलासाठी निवडला होता, तिकडच्या दिवसासाठी नाही. आजचा सगळा भाग या एका वाक्यात आला.

वजन : चार्जरसकट मोजा

इकॉनॉमी तिकिटावर केबिन बॅगेला बहुतेक विमान कंपन्या ७ किंवा ८ किलो देतात. त्यात कागदपत्रांची फाइल, जॅकेट, औषधं आणि लॅपटॉप. १५ इंची गेमिंग लॅपटॉप साधारण सव्वादोन ते अडीच किलोचा असतो आणि त्याचा चार्जर, ती वीट, आणखी अर्धा-पाऊण किलोची. म्हणजे जवळपास तीन किलो एकाच वस्तूत गेले. १३-१४ इंची हलका लॅपटॉप सव्वा ते दीड किलोत येतो. उदाहरणार्थ, १३ इंची मॅकबुक एअर १.२४ किलोचा आहे. विंडोजमध्येही या वजनाचे बरेच पर्याय मिळतात.

विमानाचा प्रश्न एका दिवसाचा. पण तिकडे रोज ट्राम, बस, जिने, बर्फातून चालणं आणि परतताना पाठीवर किराणा असतो. दुकानात लॅपटॉप उचलून बघतो तो दहा सेकंद. खरी परीक्षा घ्यायची तर तेवढ्या वजनाची पुस्तकं सॅकमध्ये भरा आणि सावेडीपासून माळीवाड्यापर्यंत पायी जाऊन या. मग ठरवा.

बॅटरी : १०० हा आकडा लक्षात ठेवा

विमानात लिथियम बॅटरीला मर्यादा असते ती वॉट-अवरची. १०० वॉट-अवरपर्यंत साधारण अडचण येत नाही. १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची परवानगी लागते. लॅपटॉपच्या बॅटरी जवळपास सगळ्या १०० च्या आतच असतात. आकडा लिहिलेला नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा. पॉवर बँकेचंही तेच. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, गुणिले ३.७ व्होल्ट, झाले ७४ वॉट-अवर. चालेल. पण पॉवर बँक आणि सुटी बॅटरी केबिन बॅगेतच हवी. चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.

चार्जर आणि वायर

सगळ्यात स्वस्तात टळणारी अडचण ही. आता तीन गोष्टी बघा.

एक, चार्जरवर बारीक अक्षरात इनपुट लिहिलेलं असतं. तिथे १००-२४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असेल तर जगात कुठेही चालेल. जर्मनीत आपल्यासारखेच २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०.

दोन, पिन. आपली तीन गोल पिनांची वायर जर्मनीच्या सॉकेटमध्ये बसत नाही. ब्रिटनमध्ये तीन चौकोनी पिना, अमेरिकेत चपट्या. पण भिंतीपासून विटेपर्यंतची वायर बहुतेक वेळा सुटी निघते. विटेकडचं तोंड मिकी माऊसच्या चेहऱ्यासारखं, तीन गोलांचं असेल तर तिकडे गेल्यावर फक्त तेवढी वायर बदला. अडॅप्टरवर अडॅप्टर चढवायची गरज नाही. पहिल्या दोन दिवसांसाठी एक साधा अडॅप्टर मात्र केबिन बॅगेत ठेवा.

तीन, यूएसबी-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप घ्या. चार्जर गेला तर पुरेशा वॉटचा कुठलाही चांगला यूएसबी-सी चार्जर चालतो. हलक्या लॅपटॉपला सहसा ६५ वॉट पुरतात. युरोपियन युनियनने डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना यूएसबी-सी सक्तीचं केलं आणि लॅपटॉपसाठी तारीख ठेवली २८ एप्रिल २०२६. म्हणजे तिकडे हा चार्जर मित्राकडे, दुकानात, लायब्ररीत, कुठेही मिळणार. माझे नऊ दिवस वाचले असते!

वॉरंटी : तोंडी उत्तर घेऊ नका

"इंटरनॅशनल वॉरंटी आहे ना?" विचारलं की दुकानदार "हो हो" म्हणतोच. त्याची चूक नाही, त्याला विकायचंय. एकाच कंपनीत एका मालिकेला जगभर वॉरंटी असते आणि दुसरीला फक्त भारतात. म्हणून कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा : हे मॉडेल, हा देश, तिकडे दुरुस्ती मिळेल का? उत्तर लेखी घ्या. पडझडीचं वेगळं संरक्षण विकत घेत असाल तर त्याबद्दलही हेच विचारा.

याचं महत्त्व पैशात सांगतो. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. खोलीभाडं, आरोग्य विमा, जेवण, सगळं त्यात. तिथे अचानक मदरबोर्डचा खर्च आला तर तो महिनाच कोसळतो. आणि घरी फोन करून पैसे मागताना काय वाटतं, ते मागणाऱ्यालाच कळतं. कुणाच्या घरी कांद्याची पट्टी यायची असते, कुणाच्या घरी दुधाचा पगार.

अभ्यासाला काय लागतं?

हे यूट्यूबला नाही, कोर्सला विचारा. विभागाच्या पानावर सॉफ्टवेअरची नावं असतात. मेकॅनिकलवाल्यांनो, सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं. तेव्हा मॅक घेण्याआधी दोनदा विचार करा. विंडोजमध्येही स्नॅपड्रॅगन प्रोसेसर असेल तर तुमचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का ते तपासा. मॅनेजमेंट, कृषी, कोडिंग यांना हलकं मशीन बहुधा पुरतं. रॅम १६ जीबी घ्या. पातळ लॅपटॉपमध्ये ती बऱ्याचदा बोर्डालाच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. एसएसडी ५१२ जीबी. तिकडे हिवाळ्यात चार-साडेचारलाच अंधार पडतो, त्यामुळे कीबोर्डला दिवा असलेला बरा.

इथे घ्यायचा की तिकडे?

भारतात लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी, जर्मनीत १९ टक्के व्हॅट. करात म्हणावा तसा फरक नाही. तिकडे घेतला तर वॉरंटी तिकडची मिळते, पण कीबोर्ड जर्मन येतो. इथून नेला तर इंग्रजी कीबोर्ड मिळतो आणि जर्मन अक्षरांसाठी सेटिंगमध्ये एक लेआउट वाढवला की काम होतं. माझं मत : वॉरंटी तिकडे चालत असेल तर इथूनच घ्या, कारण पहिल्या आठवड्यात नोंदणी, बँक, विमा सगळं ऑनलाइन असतं.

शैक्षणिक कर्ज घेताय? कोर्सला गरजेचा असेल तर कॉम्प्युटरचा खर्च कर्जात धरायची सोय बँकांच्या आदर्श योजनेत आहे. मर्यादा बँकेनुसार असते, म्हणून खरेदीआधी शाखेत विचारा. बिल स्वतःच्या नावावर, जीएसटीसकट घ्या.

कधी घ्यायचा?

निघायच्या दोन महिने आधी. शेवटच्या आठवड्यात घेतलेला लॅपटॉप बिघडका निघाला तर बिघाड घेऊनच विमानात बसावं लागतं. दोन महिन्यांत प्रत्येक पोर्ट, माइक, कॅमेरा, बिजागरी तपासून होते. जर्मन क्लाससाठी पुण्याला जात असाल तर रोज तोच लॅपटॉप न्या. एसटीत मांडीवर जो नकोसा वाटेल, तो ट्राममध्येही वाटेल.

आणि एक काम कुणी सांगत नाही. मायक्रोसॉफ्ट, गुगल, ॲपल, जे खातं लॅपटॉपला जोडलंय त्याला भारतातला मोबाइल नंबर असतो. तिकडे ते सिम बंद पडलं की ओटीपी येत नाही आणि आपणच आपल्या लॅपटॉपबाहेर. म्हणून निघण्याआधी दुसरा ईमेल जोडा, रिकव्हरी कोड कागदावर छापा, एक प्रत आईकडे ठेवा. बिलाची प्रतही तिथेच.

दुकानात जाताना एवढंच पाठ करा : चार्जरसकट दोन किलोच्या आत, यूएसबी-सी चार्जिंग, १६ जीबी रॅम, वॉरंटीचं लेखी उत्तर, दोन महिन्यांचा वेळ. यात बसेल तो घ्या, रंग कुठलाही असू दे.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी निघालं असेल तर त्याला हे आजच पाठवा, लॅपटॉप घेऊन झाल्यावर नाही. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!