पावणेदोन एकर आणि एक चेंडू

पावणेदोन एकर रान आहे. कुंपण नाही, काटी नाही, चारही धुरे उघडे. राखायला माणसं दहा. रोह्यांचा कळप आत शिरू द्यायचा नाही. कशी उभी कराल ही दहा माणसं?

आपल्या वऱ्हाडात ज्यानं एक रात्र तरी तुरीची जागल केली आहे, तो लगेच मान हलवेल. माणशी सात गुंठे! एका धुऱ्यावर खसखस झाली की चौघं बॅटरी घेऊन तिकडे पळतात, आणि कळप पलीकडच्या धुऱ्यानं आत.

हे रान म्हणजे फुटबॉलचं मैदान. १०५ मीटर लांब, ६८ मीटर रुंद. म्हणजे ७,१४० चौरस मीटर. गुंठ्यांत मांडा, सत्तर भरतात. गोलरक्षक खांबांपाशी अडकलेला, म्हणून राखणदार दहाच. मी हा हिशेब पहिल्यांदा कागदावर केला तेव्हा दोनदा तपासला. टीव्हीच्या पडद्यावर ते मैदान अंगणाएवढं दिसतं हो!

मग गोल इतके कमी का होतात? कारण राखणदार शहाणे असतात. ते सगळं रान राखतच नाहीत. चेंडू जिथे आहे त्याच्या आसपासचा आणि आपल्या गोलासमोरचा तुकडा तेवढा राखतात. एकमेकांना दोरीनं बांधल्यासारखे दाटीनं उभे राहतात आणि चेंडू डावीकडे गेला की सगळेच्या सगळे डावीकडे सरकतात. रान मोकळं पडतं ते चेंडूपासून लांबचं. तिकडे चेंडू जाईपर्यंत आपण पोचू, असा त्यांचा भरवसा.

आता गंमत बघा. दहाही जण चेंडूमागे सरकत असतील, तर त्यांना सरकवतंय कोण? ज्याच्या पायाशी चेंडू आहे तो! त्याला शर्यत जिंकायची नाही, कुणाला चकवायचंही नाही. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे करत राहायचं आणि समोरच्या दहाजणांना त्यांच्याच दोरीनं फरफटवायचं. कधीतरी कुणीतरी अर्धी ढांग उशिरा पोचतो. तेवढी फट पुरते.

चेंडूवर ताबा ठेवून खेळणं म्हणतात ते हेच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते कंटाळवाणं वाटतं. मलाही वाटायचं. अरे, पुढे मारा ना! मागे काय देताय? पण मागे दिलेल्या त्या पासवर समोरचा संघ चार पावलं पुढे येतो आणि त्याच्या पाठीमागे चार पावलांचं रान उघडं पडतं. पास मागे गेलेला असतो, नांगरट पुढे झालेली असते.

हे जमतं कसं? आधी एक साधी गोष्ट: चेंडूला दम लागत नाही. उसेन बोल्टलासुद्धा उभ्या जागेवरून वीस मीटर जायला जवळजवळ तीन सेकंद लागायचे. नीट मारलेला जमिनीलगतचा पास तेच अंतर दीड सेकंदात कापतो. जगातला सर्वांत वेगवान माणूस एका हवा भरलेल्या गोळ्यापुढे निम्म्यानं मागे! मग चेंडूमागे धावून दमणारा संघ कुठला, हे सांगायला नको.

आता ऑक्टोबर २०२० मध्ये या. करोनाचं वर्ष. इंडियन सुपर लीगचा सगळा हंगाम गोव्यातच, रिकाम्या गॅलऱ्यांसमोर होणार होता. त्याआधी जेमतेम चाळीस दिवस मुंबई सिटी संघाला नवा प्रशिक्षक मिळाला: सर्जिओ लोबेरा. मूळचा स्पेनमधल्या सारागोसाचा, बार्सिलोना क्लबच्या तालमीत घडलेला, २०१२ मध्ये तिथल्या मुख्य संघाच्या प्रशिक्षक चमूतही असलेला. आपल्या प्रेक्षकांना तो नवखा नव्हता. २०१७ मध्ये तो एफसी गोवा संघाकडे आला आणि पहिल्याच हंगामात त्या संघानं साखळीच्या १८ सामन्यांत ४२ गोल केले. फेरान कोरोमिनास, म्हणजे सगळ्यांचा ‘कोरो’, एकटाच १८ गोल करून बसला. गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर पासांची अशी जाळी विणली जायची की समोरचा संघ चेंडू मागायला आलेल्या पाहुण्यासारखा दिसायचा.

पण चाळीस दिवसांत अकरा माणसांच्या सवयी बदलायच्या कशा? अकरा माणसांना एकाच क्षणी एकच गोष्ट सुचली पाहिजे, हे काय भाषण देऊन होतं?

त्यासाठी एक पोरखेळ आहे. खरंच पोरखेळ. आठदहा जण गोलात उभे, मध्ये दोघं. गोलातल्यांनी चेंडू एकमेकांना द्यायचा, मधल्यांनी हिसकायचा. ज्याच्या चुकीनं गेला तो मध्ये. शाळेच्या मधल्या सुट्टीत आपण हेच खेळायचो आणि मास्तर म्हणायचे, टाइमपास करू नका! स्पेनमध्ये याला ‘रोंडो’ म्हणतात आणि बार्सिलोनाच्या तालमीचा तो गाभा आहे. त्या छोट्याशा गोलात अख्खा खेळ मावतो: चेंडू येण्याआधीच मान वळवून पाहणं, एका स्पर्शात देणं, दिल्याबरोबर दोन पावलं सरकून पुन्हा मोकळं होणं.

पास देण्याइतकंच अवघड काम आहे ते हे मोकळं होणं. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याला दोन बाजूंना दोन साथीदार दिसले पाहिजेत, म्हणजे त्रिकोण झाला पाहिजे. एक वाट बंद झाली की दुसरी उघडी. चेंडू पुढे गेला की जुना त्रिकोण मोडतो आणि क्षणात नवा उभा राहतो. अकरा खेळाडूंतून किती त्रिकोण होऊ शकतात? १६५! आणि यातला कुठला त्रिकोण या घडीला कामाचा, हे खेळाडूला विचार न करता कळावं लागतं.

यातली सगळ्यात सुंदर युक्ती समजायला मात्र बार्सिलोनाला जायला नको. अमरावतीला, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानाशी चला. १९१४ पासून तिथे माती उडते आहे. तिथे खो-खो बघा. आठजण बसलेले, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. पाठलाग करणाऱ्याला मधली रेघ ओलांडता येत नाही, मागे फिरता येत नाही. पळणारा रेघेच्या पलीकडे गेला की हा हतबल. मग तो काय करतो? पलीकडे तोंड करून बसलेल्याला पाठीमागून खो देतो! पळणाऱ्याची नजर धावणाऱ्यावर असते. त्याला मारणारा उठतो तो बसलेल्यांतून.

फुटबॉलमध्ये याला ‘तिसरा माणूस’ म्हणतात. पहिल्याला तिसऱ्याकडे चेंडू द्यायचा आहे, पण मध्ये विरोधी खेळाडू उभा. म्हणून तो दुसऱ्याला देतो. दुसऱ्याची पाठ गोलाकडे, त्याला वळता येत नाही. पण त्याला वळायचंच नसतं. तो एका स्पर्शात चेंडू तिसऱ्याकडे ढकलतो, ज्याचं तोंड आधीच गोलाकडे आहे. सगळी कला आहे ती कुणाचं तोंड कुठे याची. आपल्या पोरांना हे रक्तातच ठाऊक आहे असं मला नेहमी वाटतं. फक्त त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

हे सगळं कुणा एकाच्या डोक्यातून आलेलं नाही. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. तेव्हाचा रिवाज असा की चेंडू मिळाला की मान खाली घालून एकट्यानं धावत सुटायचं. इंग्रज धिप्पाड, स्कॉटिश खेळाडू हलके. हलक्यांनी धडका टाळायला चेंडू एकमेकांना द्यायला सुरुवात केली. सामना शून्य-शून्य सुटला, पण वाट सापडली. पुढे ॲमस्टरडॅममध्ये रिनस मिकेल्स यांनी आयाक्स क्लबच्या पोरांना जागा बदलत खेळायला शिकवलं. त्यांतला योहान क्रायफ १९८८ मध्ये बार्सिलोनाचा प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखालचा पेप गार्डिओला २००८ मध्ये त्याच खुर्चीवर बसला. आणि त्याच घराण्याचा एक शागीर्द गोव्यात उतरला. गायकीची घराणी असतात तशी पासांचीही असतात.

नियमांनीही हातभार लावला. १९९२ पासून आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येईना. बिचाऱ्या गोलरक्षकांना तिशीत पायानं खेळायला शिकावं लागलं! पण त्यातूनच संघाला चेंडू खेळवणारा अकरावा खेळाडू मिळाला. समोरच्याचा गोलरक्षक लांब त्याच्या खांबांत अडकलेला असतो. म्हणजे इकडे अकरा, तिकडे दहा. एक माणूस कायम मोकळा. तो शोधायचा, बस्स.

लोबेरानं मुंबईत आपली माणसं आणली: गोव्यातून ह्यूगो बूमूस, मुर्तदा फॉल, मंदार राव देसाई. मंदार मूळचा बगलेवरून धावणारा आघाडीचा खेळाडू. लोबेरानं गोव्यात त्याला डाव्या बगलेचा बचावपटू करून टाकलं. चेंडू आपल्याचकडे राहणार असेल तर बचावपटू हाच पहिला आक्रमक, हे त्यामागचं गणित. आणि सगळ्यांच्या मध्ये अहमद जाहू. मोरोक्कोतल्या तेतुआनच्या क्लबपासून लोबेराच्या ओळखीचा. हा फारसा पळत नाही. उभा राहतो, मान फिरवतो, पास देतो. बैठकीत तबलजी जसा नजरेत भरत नाही आणि सगळी बैठक त्याच्या ठेक्यावर चालते, तसा.

पहिला सामना नॉर्थईस्ट युनायटेडशी. मध्यंतराआधीच जाहूला लाल कार्ड! मुंबई एका गोलानं हरली. टीकाकारांनी हात चोळले असतील. पण साखळी संपली तेव्हा २० सामन्यांत मुंबईचे गुण ४० आणि गोल ३५. एटीके मोहन बागानचेही गुण ४०च. शेवटच्या साखळी सामन्यात त्यांना २-० हरवून, आपसांतल्या लढतींच्या जोरावर मुंबई साखळीत पहिली आली.

ताबा ठेवला की झालं, असं मात्र समजू नका. २०१८ च्या विश्वचषकात स्पेननं रशियाविरुद्ध हजाराहून जास्त पास दिले आणि पेनल्टींवर घरी गेले. दोरी ओढत राहिले, फट पडली नाही. पडली तेव्हा शिरले नाहीत. शिवाय हा खेळ जमिनीलाही जागतो. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात हातभर भेगा आणि पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल. अकोल्यात अशा मैदानावर वीस मीटरचा पास दहाव्या मीटरला बसकण मारतो. मग पोरं चेंडू हवेतून मारतात, आणि मारणारच! फातोर्ड्याचं बारीक कापलेलं, पाणी शिंपडलेलं गवत हा जणू बारावा खेळाडू असतो.

आणि धोका? तो तर पदोपदी. स्वतःच्याच गोलासमोर पास देत बसायचं म्हणजे विहिरीच्या कठड्यावर बसून गप्पा मारणं. त्यावरचा उपाय तितकाच भन्नाट आहे: चेंडू गेला की मागे पळायचं नाही, पहिल्या पाच-सहा सेकंदांत सगळ्यांनी तिथेच तुटून पडायचं. ते शक्य होतं कारण त्रिकोण करत करत सगळे आधीच जवळजवळ आलेले असतात. हल्ल्यासाठी विणलेलं जाळंच राखणीला कामी येतं!

१३ मार्च २०२१, फातोर्डा, अंतिम सामना, समोर पुन्हा मोहन बागान. अठराव्या मिनिटाला जाहूच्या पायातून, आपल्याच गोलाच्या जवळ, बागानच्या रॉय कृष्णानं चेंडू हिसकावला. त्याचा साथीदार डेव्हिड विल्यम्सनं तो जाळ्यात मारला. अख्खा हंगाम ज्याच्या ठेक्यावर चालला, त्याचाच ठेका चुकला, तोही कठड्यावर.

एखादा घाबरला असता आणि पुढचा पास सुरक्षित, बाजूला दिला असता. अकरा मिनिटांनी त्याच जाहूनं मधल्या रेघेच्या आसपास मान वर केली. बागानची बचावफळी पुढे ओढली गेलेली, तिच्यामागे रान मोकळं. त्यानं चेंडू उचलून थेट त्या मोकळ्या रानात टाकला, मुंबईच्या बिपिन सिंगच्या धावेवर. अडवायला झेपावलेल्या बागानच्या तिरीच्या डोक्याला लागून चेंडू बागानच्याच गोलात गेला. १-१. शेकडो छोटे पास देणाऱ्या संघाला वाचवलं ते एका लांब पासनं.

नव्वदावं मिनिट. पुन्हा एक लांब चेंडू, बागानचा गोलरक्षक पुढे धावून आला, त्याच्याकडून तो नीट दूर गेला नाही. मुंबईच्या ओग्बेचेनं चेंडू धरला. स्वतः मारता आला असता. पण त्यानं मान वळवली. बाजूला बिपिन मोकळा होता.