वीज वाहणारे प्लास्टिक, न वाहणारे संशोधन

प्लास्टिक विजेला अडविते, हे नाशिककरांना कोणी नव्याने सांगावयास नको. सातपूर व अंबड येथील कारखान्यांत स्विचगिअर आणि विजेची इतर सामग्री तयार होते. तेथे तांब्याने वीज वाहावी आणि प्लास्टिकने ती रोखावी, अशी कामाची वाटणी कायमची ठरून गेलेली आहे. रसायनशास्त्राने मात्र ही वाटणी अर्धशतकापूर्वीच मोडीत काढली. वीज वाहणारी प्लास्टिके, म्हणजे शास्त्रीय भाषेत संवाहक व अर्धसंवाहक बहुवारिके, आज जगात तयार होतात, विकली जातात आणि आपल्या विद्यापीठांत अभ्यासिलीही जातात. असे असता त्यांतून आपल्या कारखान्यांच्या आणि शेतमालाच्या उपयोगाचे फारसे काही का निपजत नाही, हा प्रश्न केवळ रसायनशास्त्रज्ञांवर सोपविण्याजोगा नाही. तो सार्वजनिक पैशाच्या विनियोगाचा प्रश्न आहे, आणि म्हणून अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्यात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये.

या शोधाचा इतिहास थोडक्यात पाहू. १९६७ साली टोकियो येथे हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत ॲसिटिलीन वायूपासून बहुवारिक बनविताना उत्प्रेरक चुकून हजारपट अधिक पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चांदीसारखा चकचकीत पापुद्रा हाती आला. पुढे अमेरिकेत ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांच्यासमवेत काम करताना, १९७६ च्या नोव्हेंबरात, अशाच पापुद्र्याला ब्रोमीनची वाफ देण्यात आली. त्याची विद्युत्‌वाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली! १९७७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि २००० साली या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु तो चकचकीत पापुद्रा बाजारात कधीच आला नाही, कारण उघड्या हवेत तो टिकत नसे. वाहकता वाढविणे आणि ती टिकविणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखाचा सारा रोख या भेदावरच आहे.

वाहकता वाढते कशी? येथे नाशिकचाच एक दाखला उपयोगी पडेल. नाशिकरोडच्या छापखान्यात नोटा छापल्या जातात. परंतु बाजारातील व्यवहार केवळ छापलेल्या नोटांच्या संख्येवर ठरत नाही, तर नोट किती वेगाने या हातातून त्या हातात जाते यावरही ठरतो. चलनाची संख्या आणि त्याचा भ्रमणवेग यांचा गुणाकार महत्त्वाचा असतो. विद्युत्‌वाहकतेचे गणित असेच आहे. पदार्थात विद्युत्‌भार वाहून नेणारे कण किती आहेत आणि ते किती सहजतेने सरकतात, या दोहोंच्या गुणाकारावर ती अवलंबून असते. आयोडीनसारखे अपद्रव्य घालणे, ज्याला ‘डोपिंग’ म्हणतात, ते नोटा छापण्यासारखे आहे. त्याने वाहकांची संख्या वाढते. मात्र अपद्रव्य अतोनात झाले, तर लांबलचक रेणूंची मांडणी विस्कटते, वाहकांच्या मार्गात अडथळे उभे राहतात आणि संख्येने जे मिळविले ते वेगाच्या बाजूने गमवावे लागते.

म्हणूनच नंतरच्या काळातील मोठे यश अधिक अपद्रव्य घालून नव्हे, तर रेणूंची मांडणी सुधारून मिळाले. ‘पेडॉट’ या बहुवारिकाचे उदाहरण बोलके आहे. ते पाण्यात नीट पसरावे म्हणून त्याला वीज न वाहणाऱ्या दुसऱ्या एका बहुवारिकाची जोड द्यावी लागते. या मिश्रणाच्या साध्या थराची वाहकता दर सेंटीमीटरला एक सीमेन्सच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. परंतु त्यात एथिलीन ग्लायकॉल, म्हणजे मोटारीच्या कूलंटमध्ये असते तेच द्रव्य, थोडेसे मिसळून थर वाळविला, तर हा आकडा काही शेकड्यांवर जातो. ग्लायकॉल बहुतांशी उडून जाते. नवे वाहक येत नाहीत. केवळ वीज वाहणारे धागे एकमेकांना अधिक चांगले भिडतात. २०१४ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी तीव्र गंधकाम्लाची प्रक्रिया करून हा आकडा ४,००० च्या पलीकडे नेला. तांब्याचा आकडा सुमारे सहा लाख आहे. तेव्हा प्लास्टिकची तार तांब्याची जागा घेईल, असे स्वप्न पाहण्याचे कारण नाही. तांबे जेथे पोचत नाही अशा लवचीक, पातळ, शाईसारख्या छापता येणाऱ्या आणि स्वस्त वस्तूंत या पदार्थाचे स्थान आहे.

महाराष्ट्र या विषयात मागे आहे, असेही नाही. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये प्रा. कॉन्ट्रॅक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकातच पॉलिॲनिलीनवर आधारलेले जैवसंवेदक तयार केले होते. सोलापूर विद्यापीठात आणि छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात अशा बहुवारिकांच्या वायुसंवेदकांवर संशोधन झालेले आहे. पॉलिॲनिलीन हा पदार्थ मुळात १८६२ पासून ठाऊक असलेला, बनविण्यास सोपा आणि स्वस्त. अमोनिया वायू लागताच त्याची वाहकता घसरते आणि वायू दूर होताच ती बऱ्याच अंशी परत येते. धातूंच्या ऑक्साइडांचे प्रचलित संवेदक बहुधा दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवावे लागतात. हा मात्र नेहमीच्या तापमानाला काम करतो. जिल्ह्याजिल्ह्यांतील विज्ञान महाविद्यालयांना आवाक्यात असणारा असा हा विषय आहे.

आता निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्याकडे पाहा. तेथील शीतगृहांना अमोनियाच्या गळतीचा धोका नवा नाही. माणसाच्या नाकाला हा वायू चटकन कळतो हे खरे. पण मध्यरात्री बंद खोलीत कोणाचे नाक हजर असते? अशा ठिकाणी स्वस्त संवेदक चार-सहा कोपऱ्यांत लावता आले, तर मजुरांचा जीव आणि शेतकऱ्याचा माल, दोन्ही वाचतील. अडचण अशी की, प्रयोगशाळेतील आलेख बहुधा कोरड्या, नेहमीच्या तापमानाच्या खोलीत काढलेला असतो; उलट द्राक्षाच्या शीतगृहात तापमान शून्याच्या आसपास आणि हवेतील आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर. पॉलिॲनिलीनची वाहकता ओलाव्यानेही बदलते. शिवाय द्राक्षांच्या पेट्यांत बुरशी रोखण्यासाठी ठेवलेल्या पॅडमधून गंधकाचा आम्लधर्मी वायू सुटत असतो, त्याचाही या थरावर परिणाम होऊ शकतो. दोन हंगामांनंतर हा संवेदक खरे बोलेल काय? शीतगृहाच्या मालकाला एवढेच हवे असते, आणि नेमके याच प्रश्नाचे उत्तर शोधनिबंधातून सहसा मिळत नाही.

ते का मिळत नाही, याचे कारण कोणाच्या आळसात नसून मोबदल्याच्या रचनेत आहे. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकांची पद्धत आणली आणि शोधनिबंधांची संख्या हे एक प्रकारचे चलनच होऊन बसले. २०१८ च्या नियमांनी महाविद्यालयांपुरती ही पद्धत बदलली, पण लागलेले वळण सहजी सुटत नाही. नवे अपद्रव्य, नवा थर, नवा आकडा यांना नियतकालिकात स्थान मिळते. तोच थर दोन पावसाळे ओल्या हवेत ठेवून पुन्हापुन्हा मोजण्याला मिळत नाही. दुसरीकडे, अंबडचा लघुउद्योजकही ही चाचणी करणार नाही. खर्च त्याचा एकट्याचा, आणि त्यातून निघणारे ज्ञान मात्र शेजारच्या गाळ्यातील स्पर्धकालाही फुकट उपलब्ध. अर्थशास्त्रात याला सार्वजनिक वस्तू म्हणतात. जिचा लाभ सर्वांना होतो आणि म्हणून जिचे मोल कोणीच देत नाही, ती वस्तू बाजार पुरवीत नाही. तिचा भार सार्वजनिक तिजोरीनेच उचलावा लागतो.

यावर कोणी म्हणेल की, देशापुढे सिलिकॉनचा मोठा प्रश्न असताना या प्लास्टिकाचे कौतुक कशाला? अर्धसंवाहक उद्योगासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती आवश्यकच होती. परंतु सिलिकॉनच्या कारखान्यास हजारो कोटींचे भांडवल लागते; जिल्ह्याच्या ठिकाणी ते उभे राहणार नाही. बहुवारिकाचा थर साध्या छपाईने देता येतो. थोड्या भांडवलाच्या उद्योगांना जेथे प्रवेश आहे, असे या क्षेत्रातील हे एक दार आहे. ते बंद ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

पैशाची टंचाई आहेच. संशोधनावरील आपला खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले, पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची अपेक्षा धरली गेली, आणि त्यांपैकी सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून यावयाचे आहेत. परंतु वर सांगितलेला गुणाकार येथेही विसरता कामा नये. अनुदान वाढविणे म्हणजे वाहकांची संख्या वाढविणे. प्रयोगशाळा ते कारखाना हा मार्ग अडलेलाच राहिला, तर अधिक अनुदानातून अधिक निबंध तेवढे निघतील.

यासाठी तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. पहिली, पदार्थविज्ञानाच्या प्रत्येक अनुदानातील ठरावीक हिस्सा टिकाऊपणाच्या चाचणीसाठी राखून ठेवावा आणि तो अन्यत्र वळविण्यास मनाई असावी. दुसरी, चाचणीचे निष्कर्ष, मग ते अपयशाचे का असेनात, अध्यापकाच्या कामात शोधनिबंधाइतकेच धरले जावेत. तिसरी, नाशिकच्या औद्योगिक संघटना, विज्ञान महाविद्यालये आणि विद्यापीठाचे येथील उपकेंद्र यांनी मिळून एक सामाईक चाचणीगृह उभारावे. ओली-थंड खोली, वायूचे मोजके मिश्रण देणारी यंत्रणा आणि रोज नोंद घेणारा माणूस एवढ्याने त्याचा आरंभ होऊ शकेल. सोलापूर वा संभाजीनगरचा संवेदक येथील शीतगृहाच्या हवेत वर्षभर टांगून ठेवला, तर त्याची लायकी कागदाबाहेर सिद्ध होईल, अथवा तो का टिकत नाही हे तरी कळेल.

त्या चकचकीत पापुद्र्याने जगाला नोबेल दिले, पण वस्तू दिली नाही. वस्तू मिळाली ती वर्षानुवर्षे धागे नीट लावीत बसलेल्यांकडून. तसे बसून राहणाऱ्याला आपल्याकडे आज ना पगारवाढ मिळते, ना नाव. ही व्यवस्था बदलणे कोणत्याही प्रयोगशाळेच्या हाती नाही. ते अनुदान देणाऱ्यांच्या आणि नियम करणाऱ्यांच्या हाती आहे.