न डागलेल्या क्षेपणास्त्रांचे ओझे

११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी नौदलासाठी बनवलेले तेजस विमान ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू जहाजाच्या डेकवर उतरवले. त्याआधी गोव्यात ‘आयएनएस हंसा’ तळावर याच कसरतीचा कसून सराव झाला होता. ताशी २४० किलोमीटरच्या आसपास वेगाने आलेले विमान डेकवरच्या तीन पोलादी तारांपैकी एकीत हूक अडकवून जेमतेम अडीच सेकंदांत थांबते. तो सगळा जोर तार आणि डेकखालची यंत्रणा पचवते. तिलाही मर्यादा आहे, हुकाला आहे, लँडिंग गिअरलाही आहे. कारण जहाजावर विमान अलगद टेकत नाही, जवळजवळ आदळतेच.

आता पंखांखाली जड क्षेपणास्त्रे लावा. विमान जड झाले की हवेत तोलून राहायला त्याला वेगही जास्त लागतो. ढोबळ हिशेबाने, वजन १० टक्के वाढले तर तारेला पचवायची ऊर्जा २१ टक्के वाढते. जहाज वाऱ्याकडे तोंड करून जोरात हाकले की डेकच्या तुलनेत विमानाचा वेग थोडा घटतो, एवढीच सवलत.

मग इंधन संपवून हलके का होऊ नये? हूक तिन्ही तारांना चुकला तर लगेच पुन्हा उडून फेरी मारावी लागते. तेवढे इंधन हवेच, म्हणून कात्री लागते ती शस्त्रांना. अमेरिकेचे एफ-१४ विमान प्रत्येकी सुमारे ४५० किलोची सहा फिनिक्स क्षेपणास्त्रे घेऊन उडू शके, पण ती सहाही घेऊन जहाजावर परतणे मर्यादेबाहेरचे होते. न डागलेली महागडी क्षेपणास्त्रे समुद्रात टाकण्यापेक्षा ती मुळात कमी नेणेच शहाणपणाचे होते.

आपल्या नौदलाच्या सी हॅरिअर विमानांना तारेची गरजच नव्हती. ती सरळ खाली उतरत. पण तेव्हा सगळा भार इंजिनावर, आणि उष्ण हवेत इंजिनाचा जोर घटतो. आपल्या समुद्रावरच्या उकाड्यात हा फरक फार महत्त्वाचा. इंजिनात पाणी फवारून थोडा वेळ जोर वाढवता येई, पण ते पाणीही मोजकेच असे. २०१६ मध्ये ही विमाने गोव्यातच निवृत्त झाली.

एप्रिल २०२५ मध्ये भारताने नौदलासाठी २६ राफेल-मरीन विमानांचा करार केला. त्यांचे एक्झोसेट क्षेपणास्त्र ६७० किलोचे असते. या विमानांविषयी वाचताना उड्डाणाच्या वजनाशेजारी उतरतानाचे कमाल वजनही जरूर शोधा.