घरून फोन येतो तेव्हा

आपल्या स्टेट कॉलेजला लोक लाडानं 'हॅपी व्हॅली' म्हणतात. आज मात्र या गावात राहूनही आपल्या मनात कायम दडून असलेल्या एका धास्तीबद्दल बोलू या.

रात्रीचे अडीच वाजलेत. उशाशी ठेवलेला फोन वाजतो. उन्हाळ्याचे दिवस असतील, तर भारतात तेव्हा भर दुपारचे बारा वाजलेले असतात. पलीकडून भाऊ किंवा वहिनी सांगते, "बाबांना अ‍ॅडमिट केलंय. तू घाबरू नकोस, पण..." त्या 'पण'च्या पुढचं आपल्याला धड ऐकूच येत नाही.

आणि सकाळी नऊला ऑफिसात मीटिंग असते.

आपल्यापैकी बरेच जण त्या मीटिंगला जाऊन बसतात. कुणाला काही सांगत नाहीत. डोक्यात एकीकडे आयसीयू, दुसरीकडे हिशेब: सुट्ट्या किती उरल्यात? मॅनेजर काय म्हणेल? व्हिसाचं काय? न्यूअर्क किंवा फिलाडेल्फियाचा विमानतळ गाडीनं तीन-चार तास, त्यात बर्फ पडत असला तर विचारायलाच नको.

हल्ली कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्यासाठी कंपन्या बरंच काही करतात. योगाचे वर्ग असतात, पावलं मोजायच्या स्पर्धा असतात, ध्यानाचं अ‍ॅप फुकट मिळतं. त्यात वाईट काहीच नाही. पण आपल्यासारख्या परदेशात राहणाऱ्या माणसाच्या नोकरीची खरी परीक्षा त्या सकाळी होते. २०२२ साली अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल एक आराखडा मांडला होता. इजेपासून संरक्षण, माणसांशी जोडलेपण, काम आणि घर यांचा मेळ, आपल्याला इथे किंमत आहे ही जाणीव आणि पुढे जाण्याची संधी, अशा पाच गोष्टी त्यात होत्या. घरून फोन येतो तेव्हा यातल्या पहिल्या चारांचा कस एकाच दिवशी लागतो.

म्हणून फोन यायच्या आधीच काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट, कायदा. 'फॅमिली अँड मेडिकल लीव्ह अ‍ॅक्ट', थोडक्यात एफएमएलए. हा १९९३ सालचा देशभर लागू असलेला कायदा आहे. आई-वडील, नवरा किंवा बायको, नाहीतर मूल गंभीर आजारी असेल, तर त्यांची काळजी घ्यायला वर्षाला १२ आठवड्यांपर्यंत रजा घेता येते. ही रजा बिनपगारी असते, पण साठलेली पगारी रजा त्यातच वापरता येते. या काळात नोकरी टिकते आणि आरोग्य विमाही पूर्वीसारखाच चालू राहतो. विम्याचा आपला हप्ता मात्र भरावा लागतो. अटी तीन: त्या नोकरीत १२ महिने झालेले हवेत, गेल्या १२ महिन्यांत किमान १,२५० तास काम झालेलं हवं, आणि ७५ मैलांच्या परिसरात त्या मालकाकडे ५० किंवा अधिक माणसं कामाला हवीत. असिस्टंटशिपवर असलेल्या विद्यार्थ्यांचे नियम वेगळे असतात, त्यांनी आपल्या विभागात आधी चौकशी करावी.

आता खास आपल्या उपयोगाचं. आई-वडील अमेरिकेतच असायला हवेत, असं हा कायदा म्हणत नाही. ते सांगलीत असोत की साकोलीत, तिथल्या डॉक्टरांचा दाखला इथे चालतो. दाखला मराठीत असेल आणि ऑफिसनं मागितला, तर भाषांतर मात्र आपण द्यायचं.

आणखी एक. लहानपणी आई-वडिलांच्या जागी राहून तुम्हाला आजीनं, आत्यानं किंवा काकांनी वाढवलं असेल, तर त्यांच्यासाठीही ही रजा मागता येते. सासू-सासरे मात्र या कायद्यात बसत नाहीत. म्हणजे सासूबाई आजारी पडल्या, तर मुलाला हक्काची रजा मिळेल, सुनेला मिळेलच असं नाही. आणि आजारी माणूस गेलं, की या कायद्याची रजा तिथेच थांबते. दिवसकार्यासाठी रजा द्यायलाच हवी, असा देशपातळीवरचा कायदा नाही. ते प्रत्येक ऑफिसच्या नियमांवर अवलंबून असतं, म्हणून ते नियम आधीच वाचून ठेवा.

दुसरी गोष्ट, मागण्याचा संकोच. रजा मागणं म्हणजे कुणाच्या दयेवर जगणं, असं आपल्याकडे अजून अनेकांना वाटतं. त्यांनी नारायण मेघाजी लोखंडे आठवावेत. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुट्टीच नव्हती, तेव्हा लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा भरवल्या. १० जून १८९० पासून कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. ज्या सुट्टीला आज आपण गृहीत धरतो, तीही कुणीतरी मागितली म्हणूनच मिळाली.

मागायची कशी? लांबलचक खुलासा नको. "माझे वडील भारतात रुग्णालयात आहेत. त्यांच्या देखभालीसाठी मला जावं लागतंय. आज रात्री निघतोय. किती दिवस लागतील ते डॉक्टरांशी बोलून कळवतो." एवढं मॅनेजरला आणि एचआरला ईमेलनं कळवलं तरी पुरे. पहिल्या वेळी कायद्याचं नाव घ्यायलाच हवं असंही नाही. एवढं कळल्यावर, तुम्ही पात्र आहात की नाही हे पाच कामकाजी दिवसांत सांगणं ही ऑफिसची जबाबदारी. हक्काची रजा घेतली म्हणून त्रास देणं बेकायदेशीर आहे.

तिसरी गोष्ट, "मी तिथून काम करतो." हे वाक्य आपल्या तोंडून फार पटकन निघतं. जरा घड्याळ बघा. इथले नऊ ते पाच म्हणजे उन्हाळ्यात तिथले संध्याकाळी साडेसहा ते रात्री अडीच, हिवाळ्यात साडेसात ते साडेतीन. दिवसभर रुग्णालयात धावपळ आणि रात्री लॅपटॉप. मग ना बाबांजवळ धड बसणं होतं, ना काम. रजेवर असाल तेव्हा काम करायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. कागद कुठे आहेत एवढं विचारायला एखादा फोन आला, तर तो वेगळा.

चौथी गोष्ट, व्हिसा. पासपोर्टवरचा एच-१बी व्हिसा संपला असेल, तर परतताना आधी तिथल्या वकिलातीतून नवा घ्यावा लागतो. विद्यार्थ्यांच्या आय-२० वर प्रवासाची सही ताजी हवी. हे आजच बघून ठेवा, मध्यरात्री बघायची वेळ येऊ नये.

पाचवी, परत आल्यानंतरचे दिवस. माणूस परततो, पण मन मागेच राहतं. 'जायला उशीर केला' ही बोच वर्षानुवर्षं छळते. बऱ्याच मोठ्या नोकऱ्यांत 'एम्प्लॉई असिस्टन्स प्रोग्राम' असतो. ठरावीक वेळा समुपदेशकाशी विनामूल्य बोलता येतं, अनेक ठिकाणी घरच्यांनाही. जीविताला धोका असेल तेव्हाचा अपवाद सोडला, तर ते बोलणं मॅनेजरपर्यंत जात नाही. आणि अगदीच असह्य झालं, तर २०२२ पासून ९८८ हा क्रमांक देशभर चालू आहे, दिवसरात्र. फोन करा किंवा मेसेज करा.

तुमच्यापैकी कुणी प्रयोगशाळा चालवतं, कुणाच्या हाताखाली टीम आहे, कुणाचं स्वतःचं दुकान आहे. तुमच्याकडे कुणी असा निरोप घेऊन आलं, तर "परत कधी येणार?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा. आधी विचारा, "तिकीट झालं का? विमानतळावर कोण सोडणार?" मग त्याच्या कामातलं कुठलं कोण करणार ते तुम्हीच ठरवा, त्याच्यावर टाकू नका. तुमच्याकडे पन्नास माणसं नसतील, तर कायदा तुम्हाला काहीच सांगणार नाही. तेव्हा सगळं तुमच्या माणुसकीवर आलं.

तर मंडळी, या रविवारी, लोखंड्यांच्या कृपेनं मिळालेल्या सुट्टीत, अर्धा तास काढा. ऑफिसचे रजेचे नियम शोधा, पासपोर्ट-व्हिसाच्या तारखा बघा, घरात दोघांनाही सापडतील असे कागद ठेवा. हा कायदेशीर सल्ला नव्हे, घरच्या माणसानं केलेली आठवण आहे. तुमचा मामला गुंतागुंतीचा असेल, तर वकिलाला जरूर विचारा.

आणि हो, आज आई-बाबांना फोन करा. काही झालं नसतानाच करा.

पुढच्या वेळी भेटूच. नमस्कार!