दिवे विझवणारी मुलं

हवामानबदलाची धास्ती घेतलेल्या माणसाला आपण हमखास सांगतो, ‘नुसता बसू नकोस, काहीतरी कर.’ स्वीडनमधल्या मानसशास्त्रज्ञ मारिया ओयाला यांनी २०१२ साली बारा वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हा सल्ला जरा अडखळतो.

काही मुलं विषयच झटकून टाकत. त्यांना काळजी कमी होती, पण पर्यावरणासाठी काही करण्याची फारशी इच्छाही नव्हती. दुसरी मुलं स्वतः माहिती शोधत, उपाय करत. दिवे विझव, नळ घट्ट कर, मोटार काढणाऱ्या बाबांना टोक. नेमकी हीच मुलं रोजच्या जगण्यात जास्त खिन्न आढळली. यात नवल ते काय? घरातला दिवा विझला म्हणून पृथ्वीचं तापमान उतरत नाही, हे त्या वयातही कळतंच.

तिसरी तऱ्हा मला सर्वांत मोलाची वाटते. संकट खरं आहे हे मान्य करायचं, पण शास्त्रज्ञ, संघटना, इतर माणसंही कामाला लागली आहेत यावर भरवसा ठेवायचा. अशी मुलं धडपडतही होती आणि तुलनेनं समाधानीही होती. (अर्थात हा सहसंबंध आहे; कशामुळे काय झालं, ते यावरून ठरत नाही.)

हा भरवसा मात्र हवेतून येत नाही. २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार जणांची पाहणी झाली. त्यात ५९ टक्के तरुण हवामानबदलाच्या फार चिंतेत होते, आणि सरकारं पुरेसं करत नाहीत या भावनेशी ती चिंता जोडलेली होती.