विजेची शेगडी आणि तिचा वीजपुरवठा

चुलीवरून स्टोव्हकडे, स्टोव्हवरून गॅसकडे आणि आता गॅसवरून विजेच्या शेगडीकडे, असा आपल्या स्वयंपाकघरांचा प्रवास दोन-तीन पिढ्यांत झाला. धूर गेला, काजळी गेली, सिलिंडरची वाट पाहणेही उणावले. परंतु प्रत्येक नव्या साधनाबरोबर एक नवी जबाबदारी घरात येते. विजेच्या शेगडीची जबाबदारी भिंतीआड दडलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तिचा थोडा तपशीलवार विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

व्यापारी मनुष्य माल मागविण्यापूर्वी वखारीत जागा किती आहे याचा अदमास घेतो. विजेच्या बाबतीत मात्र शेगडी आधी घरात येते आणि ती कोठे जोडावयाची हा प्रश्न मागाहून उद्भवतो. हा क्रम उलटा आहे. आधी पुरवठा पाहावा, मग शेगडी घ्यावी, एवढेच आमच्या लेखाचे सार.

भाराचा हिशेब

आपल्याकडील घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. शेगडीवरील पट्टीवर लिहिलेल्या वॅटच्या आकड्यास २३० ने भागले म्हणजे तिला लागणारा प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. ओट्यावर ठेवावयाची इंडक्शन शेगडी बहुधा २,००० वॅटच्या आसपास असते; तिला सुमारे पावणेनऊ अँपिअर लागतात. दिवे-पंख्यांच्या बोर्डावरील लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते, तर जाड पिनांचे मोठे सॉकेट १६ अँपिअरचे. तेव्हा शेगडीची जागा मोठ्या सॉकेटवरच होय. मोठी पिन लहान सॉकेटात बसविणारा जोड विकत मिळतो खरा, पण त्यामुळे भिंतीतील बारीक तार काही जाड होत नाही.

ओट्यात कायमची बसविलेली चार चुलींची शेगडी ७,००० वॅटपर्यंत जाते. तिला ३० अँपिअर लागतात. तिला प्लग-सॉकेट उपयोगाचे नाही. मुख्य बोर्डापासून तिची स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र स्विच हवा.

आपल्या घरांपुरता आणखी एक विचार आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपण्याची चाल जेथे पाळली जाते, तेथे सायंकाळचा सारा स्वयंपाक तास-दीड तासात उरकावा लागतो. शेगडी, मिक्सर, पाणी उकळण्याचे भांडे आणि कधी गीझरही एकाच वेळी चालू असतो. म्हणून एकट्या शेगडीचा भार मोजून भागत नाही. त्या घटकेचा एकूण भार मोजावा. वीजबिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो, त्याच्याशी तो ताडून पाहावा. कमी पडत असेल तर वीजपुरवठा कंपनीकडे, म्हणजे बेळगावात हेस्कॉमकडे, अर्ज करून भार रीतसर वाढवून घ्यावा.

तार, एमसीबी आणि अर्थिंग

साधारण प्रमाण असे : १६ अँपिअरच्या सॉकेटास किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि १६ अँपिअरचा एमसीबी, तीस अँपिअरच्या शेगडीस सहा चौरस मिलिमीटरची तार आणि ३२ अँपिअरचा एमसीबी. अंतर लांब असल्यास तार याहून जाड लागते. तो निर्णय परवानाधारक वायरमनने जागा पाहून करावा. जुन्या घरांत लाकडी पट्टीवरील किंवा ॲल्युमिनियमच्या तारा अद्याप आढळतात. त्यांच्यावर शेगडीचा भार टाकू नये. चिनी मातीचा फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार गुंडाळणे, म्हणजे राखणदाराचे डोळे बांधणे होय.

सैल जोडाकडेही दुर्लक्ष करू नये. पावणेनऊ अँपिअरच्या वाटेत अर्ध्या ओहमचा अडथळा निर्माण झाला, तर त्या एका बिंदूवर सुमारे ३८ वॅट उष्णता साचते. रेडिओ दुरुस्त करणारे २५ वॅटच्या हत्याराने सोल्डर वितळवितात, हे ध्यानी घेतले म्हणजे सॉकेट काळे पडणे आणि प्लग तापणे ही किती गंभीर सूचना आहे, हे सांगावयास नको.

एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. माणसासाठी अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत तफावत दिसताच हे साधन क्षणार्धात पुरवठा तोडते. ओल्या हाताने शेगडीशी वावरणाऱ्या गृहिणीचे प्राण त्यावर अवलंबून असतात. त्यावरील चाचणीचे बटन मधूनमधून दाबून पाहावे.

एक फेज की तीन?

एक-दोन सुट्या शेगड्यांना एक फेज बहुधा पुरतो. मोठी शेगडी, गीझर आणि वातानुकूलन यंत्र एकत्र आले, की तीन फेजांचा विचार करावा आणि ही साधने वेगवेगळ्या फेजांवर वाटावीत. मात्र दोन फेजांमधील दाब ४०० व्होल्ट असतो. न्यूट्रलची तार सैल झाली, तर २३० व्होल्टच्या साधनावर त्याहून कितीतरी अधिक दाब येऊन ते जळते. म्हणून न्यूट्रलची जोडणी विशेष दक्षतेने तपासावी.

दाब कमी असल्यास निराळी अडचण येते. २०० व्होल्टवर तारेच्या वेटोळ्याची शेगडी आपल्या शक्तीच्या जेमतेम तीन-चतुर्थांश उष्णता देते. भात शिजण्यास वेळ लागतो आणि दोष शेगडीच्या माथी जातो. शेगडी लावताच घरातील दिवे मंद होत असतील, तर मीटरपर्यंतची सारी वाट तपासून घ्यावी. घरगुती इन्व्हर्टर हा भार पेलू शकत नाही. शेगडीची लाइन त्यापासून अलग ठेवावी.

दुकान खाली, घर वर

रविवार पेठ किंवा खडेबाजार यांसारख्या जुन्या बाजारांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही मांडणी नवी नाही. अशा ठिकाणी दुकानाच्या मीटरवरून वर स्वयंपाकघरात लाइन नेण्याचा मोह होतो. तो टाळावा. दुकानाच्या तारेवर शेगडीचा भार पडून ठिणगी उडाली, तर खाली माल आणि वर माणसे, दोन्ही एकदम संकटात येतात. शिवाय व्यापारी दराने स्वयंपाक करणे हा आतबट्ट्याचा व्यवहार. उलट, घरगुती जोडणीवर दुकान चालविणे २००३ च्या वीज कायद्यातील १२६ व्या कलमाखाली अनधिकृत वापर ठरते आणि दुप्पट दराने आकारणी होते. दोन मीटर, दोन लाइनी, हाच मार्ग सरळ आहे.

शेगडी काही वर्षांत बदलते. भिंतीतील तार मात्र एक पिढी टिकते. म्हणून खर्चात काटकसर करावयाचीच, तर ती शेगडीच्या बटनांत आणि दिमाखात करावी. तारेत, अर्थिंगमध्ये आणि वायरमनच्या मजुरीत करू नये. आधी पट्टीवरचा आकडा वाचावा, मग वायरमनकडून घर तपासून घ्यावे, मंजूर भार वाढवून घ्यावा आणि शेवटी दुकानाची पायरी चढावी. या क्रमाने गेलेल्या कुटुंबाच्या घरी नवी शेगडी निर्धोक नांदेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.